कड आधी, कथा नंतर : महायुद्धकाळातील लष्करी पदके आणि बिल्ले पारखताना

मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर एखाद्या दुकानात आपण जुने पदक मागितले, तर विक्रेता ते हातात ठेवण्याआधी बहुधा त्याची कथा ऐकवतो. हे पदक साताऱ्याच्या एका सुभेदाराचे आहे, त्याच्या नातवाने पैशांच्या अडचणीत विकले, त्या सुभेदाराने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढाई केली, असे बरेच काही त्या कथेत असते. ती खरीही असू शकते, परंतु पदकाचा खरेपणा तिच्यावरून ठरत नाही. नवख्या संग्राहकाने पहिली सवय लावून घ्यावी ती अशी, की विक्रेता बोलत असताना पदक आडवे धरून त्याची कड भिंगाखाली वाचायला सुरुवात करावी. हा लेख मुख्यतः १९१४ ते १९१९ आणि १९३९ ते १९४५ या काळात ब्रिटिश-भारतीय लष्करातील सैनिकांना मिळालेल्या पदकांविषयी आणि टोपीवरील बिल्ल्यांविषयी आहे, कारण मुंबईत आणि कोकण-देशावरच्या घराघरांत तेच सर्वाधिक सापडतात.

साहित्य फारसे लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा व्हर्नियर कॅलिपर, सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, एक लोहचुंबक आणि नोटा तपासण्यासाठी मिळते ती जांभळ्या उजेडाची बॅटरी एवढे पुरे. झवेरी बाजाराच्या आसपासच्या दुकानांत हे सगळे मिळते. यांशिवाय एक वही ठेवावी. तिचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

पहिली पायरी : हातात काय आहे ते ओळखणे

पहिल्या महायुद्धानंतर वाटलेली तीन पदके नवख्याला सर्वांत आधी ओळखता आली पाहिजेत. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे आणि ३६ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याच्या एका बाजूस पंचम जॉर्जचे मुकुटाविना मस्तक असते, तर दुसऱ्या बाजूस घोड्यावर स्वार झालेला विवस्त्र पुरुष पायदळी गरुडाची ढाल तुडवताना दिसतो. ‘व्हिक्टरी मेडल’ ब्राँझचे असून त्यावर पंख असलेली विजयदेवता असते आणि त्याची फीत इंद्रधनुष्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात तशी असते. तिसरा असतो ब्राँझचा तारा, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. ‘१९१४ स्टार’ फक्त फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या मुदतीत सेवा केलेल्यांना मिळाला. इतरत्र, किंवा त्यानंतर १९१५ च्या अखेरीपर्यंत, रणभूमीवर गेलेल्यांना ‘१९१४-१५ स्टार’ देण्यात आला.

हा फरक मराठी वाचकाने नीट लक्षात ठेवावा. ६व्या पुणे डिव्हिजनच्या तुकड्या ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओ येथे उतरल्या आणि त्याच महिन्यात बसरा त्यांच्या ताब्यात आले. ११७वी मराठा पलटण याच डिव्हिजनमध्ये होती आणि पुढे १०३वी व ११०वीही याच डिव्हिजनकडून मेसोपोटेमियात लढल्या. या तिन्ही पलटणी नंतर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. त्यांच्यापैकी जे शिपाई १९१४ सालीच लढले, त्यांनाही रणभूमी मेसोपोटेमियाची असल्यामुळे ‘१९१४-१५ स्टार’ मिळाला. ११७व्या पलटणीच्या नावाचा ‘१९१४ स्टार’ कोणी आपल्यापुढे ठेवला, तर तो माणूस त्या मुदतीत फ्रान्समध्ये होता याचा स्वतंत्र पुरावा मागावा. तो मिळेपर्यंत पैसे खिशातून काढू नयेत.

ब्रिटिश वॉर मेडलची ब्राँझमधील आवृत्तीही आहे. ती मजूर दले आणि तत्सम बिगरलढाऊ तुकड्यांना, त्यांत भारतीय, चिनी आणि माल्टाच्या लोकांना, देण्यात आली. चांदी नाही म्हणजे पदक नकली, अशी समजूत करून घेऊन नवखे लोक ते परत करतात, आणि ही चूक मीही केलेली आहे. ब्राँझची आवृत्ती चांदीच्या तुलनेत पुष्कळच विरळ आहे. चांदीची मात्र लाखो पदके निघाली आणि त्यांपैकी असंख्य पुढे चांदीचा भाव चढला तेव्हा सोनारांच्या मुशीत गेली, आपल्याकडेही गेली.

दुसऱ्या महायुद्धाची ओळख सोपी आहे. पिवळसर मिश्रधातूच्या सहाकोनी ताऱ्यांच्या मध्यभागी षष्ठ जॉर्जचे मुकुटांकित आद्याक्षर असते आणि आफ्रिका, इटली, बर्मा अशी रणभूमीची नावे असतात. यांच्या जोडीला सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेले ‘वॉर मेडल’ आणि भारताचा नकाशा असलेले ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ ही दोन गोल पदके असतात. या दोन्ही पदकांचा धातू तांबे-निकेलचा पांढरा मिश्रधातू आहे. चांदीचे वॉर मेडल कॅनडाच्या सैनिकांना मिळत असे. त्यामुळे भारतीय सैनिकाच्या नावाचे वॉर मेडल ‘शुद्ध चांदीचे’ म्हणून विकणारा माणूस अज्ञानी असेल किंवा लबाड, पण त्याचे सांगणे दोन्हीपैकी कोणत्याही कारणाने ऐकण्यासारखे नसते.

दुसरी पायरी : कड

गोल पदकाच्या कडेवर, आणि ताऱ्याच्या पाठीवर, ते मिळवणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी असते. नेमका हाच मजकूर पदकाला मोल देतो, आणि म्हणून फसवणूकही नेमकी इथेच होते. इंग्लंडमधील सैनिकांना दिलेली दुसऱ्या महायुद्धाची पदके नावाविना असत, तर भारतीय, ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण आफ्रिकी सैनिकांना दिलेल्या पदकांवर सहसा नावे घातलेली असत. नावाविना असलेला तारा घेऊन त्यावर एखाद्या मराठी हवलदाराचे नाव नंतर कोरणे म्हणूनच सोपे आणि फायद्याचे ठरते.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांवरील अक्षरे ठशांनी दाबलेली असतात. भिंगाखाली अशा अक्षराचा तळ सपाट दिसतो, त्याच्या काठांजवळ धातू किंचित उचललेला असतो, आणि एकाच पदकावरची दोन ‘ए’ अक्षरे एकमेकांसारखीच असतात. हाताने कोरलेल्या अक्षरात छिन्नीची तिरकी खाच दिसते, जागोजागी तिची रुंदी बदलते आणि तळात चकचकीत रेघा असतात. सीमेवरच्या मोहिमांसाठी दिलेल्या आधीच्या काही पदकांवर मात्र वळणदार लिपीत कोरलेली अधिकृत नावे आढळतात. म्हणूनच ‘कोरलेले म्हणजे खोटे’ असा सरसकट नियम करता येत नाही, तर कोणत्या पदकावर कोणती पद्धत वापरली गेली ते आधी पाहावे लागते.

याहून चतुर प्रकार म्हणजे जुने नाव घासून नवे घालणे. कानस मारली की कडेचा धातू कमी होतो आणि तो परत येत नाही. कॅलिपरने व्यास किमान सहा ठिकाणी मोजावा : वर-खाली, डावीकडून उजवीकडे आणि तिरका. ३६ मिलिमीटरच्या पदकात सगळीकडे जवळपास तोच आकडा आला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून, ज्याचे नाव देण्याचे कारण नाही, मी ११०व्या पलटणीच्या एका नाईकाचे ब्रिटिश वॉर मेडल मोठ्या हौसेने घेतले. घरी येऊन मोजले तेव्हा वर-खाली ३६ आणि आडवे ३५.४ मिलिमीटर भरले. नावाच्या जागी कड खोलगट झालेली होती आणि एका अक्षराखाली जुन्या अक्षराची सावलीसारखी खूण उरलेली होती. चांदी खरी होती आणि पदकही खरेच होते, खोटा होता तो फक्त नाईक. तेव्हापासून कॅलिपर खिशात असतो, आणि विक्रेता तो पाहून नाराज झाला तर त्याची नाराजीही मी एक माहितीच समजतो.

नावाची शहानिशा करताना रेजिमेंटचे नाव त्या काळाशी जुळते का, ते पाहावे. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी अनुक्रमे ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या आणि ११४वी पलटण प्रशिक्षणाची दहावी बटालियन ठरली. बर्मा किंवा इटलीच्या ताऱ्यावर ‘११०’ हा पलटणीचा क्रमांक म्हणून आला, तर तो अशक्य आहे. तसेच त्या काळच्या इंग्रजी लेखनात ‘मराठा’ या शब्दात ‘एम’ आणि ‘ए’ नंतर ‘एच’ येई आणि पुढे दोन ‘टी’ असत. आजच्या पद्धतीचे सुटसुटीत स्पेलिंग दुसऱ्या महायुद्धाच्या पदकावर दिसले, तर त्या अक्षरांचे वय पदकाच्या वयापेक्षा बरेच कमी असण्याची शक्यता धरावी.

हुद्देही बोलके असतात. जमादार हा हुद्दा असलेले जुने पदक पाहून काही जण बुचकळ्यात पडतात, कारण मुंबईत तो शब्द भलत्याच अर्थाने वापरला जातो. आज ज्याला नायब सुभेदार म्हणतात त्या हुद्द्याला त्या काळी जमादार म्हणत. भिस्ती (पाणके), कहार (डोली वाहणारे) आणि स्वयंपाकी यांच्या नावांची पदकेही असतात. बाजार त्यांना कमी भाव देतो, आणि नेमके याच कारणाने त्यांवर खोटी नावे घालण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

तिसरी पायरी : धातू

लोहचुंबक फक्त ढोबळ खोटेपणा पकडतो. चुंबकाला चिकटले तर पदक नकली, न चिकटले तर काहीच सिद्ध होत नाही. खरा उपयोग घनतेचा आहे आणि ती घरी मोजता येते. फीत काढून पदकाचे वजन करावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा आणि पदक दोऱ्याने त्या पाण्यात असे टांगावे की ते तळाला किंवा काठाला लागणार नाही. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागावे. समजा पदक ३५.२० ग्रॅमचे आहे आणि पाण्यात टांगल्यावर काटा ३.४० दाखवतो, तर भागाकार १०.३५ येतो आणि ती स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध, चांदीची घनता आहे. तांबे-निकेलवर चांदीचा मुलामा दिलेला असेल, तर उत्तर ८.९ च्या आसपास येईल. टांगणीच्या सांध्यात हवेचा बुडबुडा अडकतो, म्हणून पदक पाण्यात दोनदा हलवून घ्यावे, नाहीतर खऱ्या चांदीवर उगाच संशय येतो.

नकल बहुधा ओतीव असते, आणि ओतलेला धातू थंड होताना आकसतो. खऱ्या वस्तूवरून साचा काढून ओतलेली प्रत म्हणून मुळापेक्षा थोडी लहान भरते. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या वारसांना ब्राँझची जी मोठी स्मृतितबकडी मिळे, तिच्या बाबतीत ही कसोटी फार कामी येते. मूळ तबकडीचा व्यास सुमारे १२० मिलिमीटर असतो. तिच्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक मानलेली स्त्री) आणि सिंह असतो, सिंहाच्या पुढच्या पंजाच्या वर शिल्पकाराची बारीक आद्याक्षरे असतात, आणि मृताचे नाव उठावदार अक्षरांत, हुद्द्याविना, चौकटीत असते. कोरलेले नाव, हुद्दा असलेले नाव किंवा ११८ मिलिमीटरचा व्यास यांपैकी एक जरी आढळले, तरी तबकडी खाली ठेवावी.

झीज पाहताना आपल्या घरांची रीत ध्यानात घ्यावी. परळच्या एका चाळीत मी पाहिलेल्या पदकावरची विजयदेवता जवळजवळ गुळगुळीत झाली होती. घरातल्या आजींनी सांगितले की, दर खंडेनवमीला ते ट्रंकेतून निघे, चिंचेने घासले जाई आणि हळदकुंकू लावून पुन्हा आत जाई. अशा पदकावर नाक, गुडघा, पंखाचे टोक असे उंच भाग झिजलेले असतात आणि खोबणीत जुना काळा मळ तसाच राहिलेला असतो. कृत्रिमरीत्या जुने केलेल्या वस्तूवर काळेपणा उंच-सखल सगळीकडे सारखा असतो आणि कापसाला रंग लागतो. घेतलेले पदक आपण मात्र चिंच, पितांबरी किंवा कुठल्याही पॉलिशने घासू नये.

चौथी पायरी : फीत आणि संच

युद्धोत्तर काळात आलेले कृत्रिम धागे आणि उजळवणारी रसायने जांभळ्या उजेडात निळसर-पांढरी चमकतात, जुनी सुती किंवा रेशमी फीत चमकत नाही. तरी यावरून पदकाचा निकाल लावू नये, कारण जुनी फीत आजच्या साबणात धुतली गेली तरी चमकते, आणि कसरीने खाल्लेली फीत बदलून नवी लावणे हे प्रामाणिक घरातही घडते.

एकाच माणसाची म्हणून सांगितलेली पदके मात्र एकमेकांशी पडताळून पाहावीत. बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार एकाच व्यक्तीला दिले जात नसत, आणि ‘१९१४’ व ‘१९१४-१५’ हे दोन्ही तारेही एकाला मिळत नसत. व्हिक्टरी मेडल ब्रिटिश वॉर मेडलच्या जोडीनेच मिळे, पण वॉर मेडल एकटेही मिळू शके. बर्मा आणि इटली हे दोन्ही तारे एकत्र असतील, तर ते अशक्य नसले तरी त्या माणसाची पलटण कुठे कुठे गेली याचा शोध घ्यावा. कडेवरचा क्रमांक सगळ्या पदकांवर सारखा असला पाहिजे.

कोणी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक, दाखवला तर तो पाहावा, आनंद मानावा आणि परत द्यावा. यशवंत घाडगे (माणगाव तालुका) आणि नामदेव जाधव या दोघा मराठा वीरांना इटलीतील १९४४ आणि १९४५ च्या लढायांसाठी हा सन्मान मिळाला. या पदकाच्या प्रत्येक मानकऱ्याची नोंद आहे, आणि ते रस्त्यावर विकायला येत नाही.

पाचवी पायरी : टोपीचे बिल्ले

बिल्ल्यांत नकलांचे प्रमाण पदकांपेक्षा जास्त आहे, पण त्यांच्यासाठी एक सुंदर कसोटी उपलब्ध आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळातील राजमुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोलसर असतात. एलिझाबेथ राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला आणि आपल्या बिल्ल्यांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, तर एलिझाबेथ गादीवर बसल्या फेब्रुवारी १९५२ मध्ये. त्यामुळे दबलेल्या मुकुटाचा भारतीय रेजिमेंटचा बिल्ला कधी अधिकृत असणेच शक्य नाही. चोरबाजारात असे बिल्ले मी मूठभर पाहिले आहेत, आणि एकावर तर मुद्दाम माती चोपडलेली होती.

ठशाने काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या आकृतीची उलटी खोलगट छबी असते, तर ओतीव बिल्ल्याची पाठ सपाट, जाड आणि बारीक छिद्रांची असते. इंग्लंडमधील बिल्ल्यांना ही कसोटी नीट लागू पडते. भारतात मात्र छावणीच्या बाजारातले कारागीर त्या काळीही पितळेचे बिल्ले ओतून देत, म्हणून ओतीव भारतीय बिल्ला केवळ ओतीव आहे म्हणून फेकून देऊ नये. त्याच्या पाठीमागच्या कड्यांची झीज आणि झाळणे पाहावे. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या, कोरेगावचा स्तंभ असलेल्या बिल्ल्याला आज भावनिक मोल फार मोठे आहे. जिथे मागणी अशी असते तिथे कागदपत्रांविना खरेदी करू नये, एवढेच मी सांगेन.

गोदीतल्या स्फोटाचे अवशेष म्हणून विकल्या जाणाऱ्या लोखंडी तुकड्यांबद्दलही दोन शब्द. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले, हा मुंबईचा इतिहास आहे. परंतु गंजलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर त्या दिवसाची कोणतीही खूण नसते, आणि जे पडताळताच येत नाही त्याची किंमत भंगाराच्या भावाइतकीच धरावी.

सहावी पायरी : नोंदी आणि कागद

कडेवर नाव सापडले की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांच्या यादीत ते शोधावे. तिथे पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. इंग्रज कारकुनांनी आपली नावे कानाला लागली तशी लिहिली, म्हणून गणू, गनू, गन्नू असे सगळे प्रकार टाकून पाहावेत. खलाशाचे पदक असेल तर मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारकाकडे वळावे, कारण पहिल्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मरण तिथे केलेले आहे. नाव यादीत नसणे हा खोटेपणाचा पुरावा नाही, कारण बहुसंख्य सैनिक जिवंत घरी परतले. सातारा आणि कोकणातील काही गावांत महायुद्धाला किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत हे सांगणारे दगडी फलक आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावच्या फलकावर ४६ मृतांचा आकडा आहे. घरातून पदक मिळत असेल, तर त्यासोबत डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जंगी इनामाची (युद्धसेवेबद्दलच्या इनामाची) सनद किंवा गणवेशातला फोटो आहे का, हे आवर्जून विचारावे आणि एकाच माणसाची पदके कधीही फोडून घेऊ नयेत.

कायद्याचे भानही हवे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील वस्तूंनी ती मर्यादा ओलांडली आहे, तेव्हा त्या परदेशी पाठवण्याचा विचारही परवानगीविना करू नये. तलवार, संगीन आणि बंदुका यांना शस्त्र कायदा लागतो, म्हणून नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. तोफगोळा किंवा हातबॉम्ब ‘रिकामा’ म्हणून कोणी देऊ केला, तर त्याला हात न लावता बाहेर पडावे आणि ११२ वर कळवावे.

राहिली वही. प्रत्येक वस्तूसाठी खरेदीची तारीख, जागा, दिलेली रक्कम, विक्रेत्याने सांगितलेली कथा, सहा ठिकाणचे व्यास, वजन आणि घनता लिहावी. कडेवरचा मजकूर अक्षरशः, चुकीच्या स्पेलिंगसह आणि पूर्णविरामांसह, उतरवावा. विक्रेत्याची कथा आणि आपली निरीक्षणे वेगवेगळ्या पानांवर ठेवावीत, म्हणजे दहा वर्षांनी वाचताना त्यांची सरमिसळ होत नाही. पदके आम्लरहित कागदात गुंडाळून डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत पुड्या दर पंधरवड्याला बदलाव्यात. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवल्यास मुंबईच्या दमट हवेत ब्राँझवर हिरवा चिकट थर चढतो, आणि तो काढताना नाव पुसट होण्याचा धोका असतो.